तिसऱ्या लिथाचा जावई

नेपरव्हिलमध्ये एकादशी कधी आहे हे कुणी विचारत नाही. अरुण करंबेळकर ते तरीही सांगतात. सकाळी सातला मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा संदेश येऊन पडतो: भारतात आज असली तरी आपल्याकडची काल होऊन गेली, सूर्योदय शिकागोचा धरावा. पुण्यातल्या आईला विचारून ज्यांनी आज उपास धरलेला असतो, ते फोन उलटा ठेवतात आणि भिजवलेला साबुदाणा मुकाट्याने परतायला घेतात.

करंबेळकर त्र्याहत्तर वर्षांचे. सांगलीहून इंजिनियर होऊन आले, एअर कंडिशनर बनवणाऱ्या कंपनीत हयात घालवली, आणि रिटायर झाल्यावर आता कुणाला थंड करावं हे न सुचून त्यांनी मंडळाची दिनदर्शिका हातात घेतली. शिकागोच्या रेखांशावर प्रत्येक तिथी त्यांनी स्वतः बसवली. मंडळाने ती छापली, खाली दातांच्या डॉक्टरची आणि घरं विकणाऱ्या बाईंची जाहिरात टाकली, आणि घरोघरी वाटली. लोकांनी ती फ्रिजवर लावलीही. रिसायकलिंगची गाडी कुठल्या बुधवारी येते ते लिहून ठेवायला तिच्यात चौकोन चांगले मोठे होते.

कारण मंडळ सण करायचं ते शनिवारी. शाळेचा हॉल ज्या शनिवारी मिळेल तो गुढीपाडवा. संक्रांत फेब्रुवारीत सरकायची, गणपती कुणाचं बेबी शॉवर नाही ते बघून बसायचे. एका वर्षी कोजागिरी दुपारी दोन वाजता झाली, कारण पाचला हॉल रिकामा करून द्यायचा होता. करंबेळकरांनी त्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे सत्यजित उकिडवेला, चार लोकांत सुनावलं की चंद्र नसताना कोजागिरी करणं म्हणजे मुलगा नसताना मुंज लावणं. सत्यजित म्हणाला, "काका, पॉइंट व्हॅलिड आहे, पण पार्किंगचं बघावं लागतं ना." करंबेळकर तणतणत कोपऱ्यात जाऊन बसले आणि मसाला दूध दोनदा प्यायले.

तेव्हा तिथ्यांचा उपयोग असा एकाच माणसाला होता, आणि तो माणूस म्हणजे खुद्द करंबेळकर. त्यांना नको असलेली प्रत्येक गोष्ट पंचांगात बसत नसे. विनीताबाईंनी, त्यांच्या पत्नीने, अलास्काच्या क्रूझचं काढलं की चातुर्मास लागलेला असायचा. तळघराचं काम काढायचं म्हटलं की पितृपंधरवडा. साडूचा नवा बंगला बघायला जायचं की नेमकी अमावास्या. "माझं काही नाही," असं ते म्हणायचे, "शास्त्रात बसत नाही." स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायची त्यांच्यावर कधी वेळच आली नाही. चंद्र परस्पर म्हणत असे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, उर्वीने, लग्न केलं. विस्कॉन्सिनमधल्या एका फार्मवर, गवताच्या गंजीसमोर, ग्रेग हार्टवेल नावाच्या सहा फुटी, तांबूस दाढीच्या मुलाशी. मुलगा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. दारूत बुडालेला नाही, आधीचं लग्न नाही, उर्वीला हसवतो. नाव ठेवायला जागा मिळेना म्हणून करंबेळकर आतल्या आत जास्तच चिडले. "चातुर्मासात मुहूर्त नाही," ते म्हणाले, "मी येणार नाही." उर्वी म्हणाली, "बाबा, फार्म त्याच दिवशी फ्री आहे." ते म्हणाले, "मग फार्मशीच लग्न करा." विनीताबाई एकट्या गेल्या. पैठणी नेसून, स्वतः गाडी चालवत, तीन तास.

ग्रेग आणि उर्वी नंतर ॲरिझोनात चँडलरला राहायला गेले. तो तिथे चिपा बनवतो, ती वाळवंटात तग धरतील अशा बागा आखून देते. आणि मग अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, एवढ्यापुरता त्याला विष्णू मानायचं. २०२० चा कोव्हिडने परस्पर निकालात काढला. २०२३ चा आला तेव्हा विनीताबाईंनी विषय काढला. करंबेळकरांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला: अधिक महिना त्यांच्यात नसतो, आणि ज्याच्या वर्षात तो महिनाच नाही त्याला त्या महिन्याचं वाण देता येत नाही.

विनीताबाईंनी अनारसे केले आणि कुरियरने पाठवले. चँडलरला पोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला होता. ग्रेगने तो वाडग्यात घेतला, वर दूध ओतलं, चमच्याने खाल्ला आणि असंच सीरियल पुन्हा मिळेल का असं फोनवर विचारलं. विनीताबाई हसता हसता रडल्या. करंबेळकरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बघ. मी म्हणत नव्हतो?" काय म्हणत नव्हते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण खरं सांगायचं तर त्यांना मुलगी हवी होती. लग्नापासून उर्वी घरी आली नव्हती. विनीताबाई हिवाळ्यात चँडलरला जाऊन येत, करंबेळकर बर्फ लोटायला मागे राहत. रविवारी आई आणि मुलगी फोनवर बोलायच्या तेव्हा ते पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बसायचे, आणि शेवटी फोन त्यांच्या हातात आला की विचारायचे, "तिकडे टेम्परेचर किती?" ती सांगायची. मग ते फोन विनीताबाईंना परत द्यायचे. त्यांना काय हवं होतं ते अगदी साधं होतं: तिने घरी यावं. पण आपलं चुकलं असं न म्हणता यावं. हा दुसरा भाग शास्त्रात कुठे बसेना.

तो बसला लायब्ररीत. २०२६ च्या मार्चमधल्या एका चिखलाच्या दुपारी विनीताबाईंनी त्यांना घराबाहेर काढायचं म्हणून लायब्ररीत सोडलं. आतल्या हॉलमध्ये डोरोथी नावाच्या रिटायर्ड प्राध्यापिका इंग्लंडच्या जुन्या महिन्यांवर बोलणार होत्या. दहा-बारा म्हातारी माणसं होती आणि कुकीज होत्या. करंबेळकर बसले ते पायावर पाय टाकून, परीक्षकासारखे.

बाई सांगत होत्या की रोमन महिने येण्याआधी इंग्लंडातले अँग्लो-सॅक्सन लोक चंद्रावर महिने मोजायचे. आठव्या शतकातल्या एका मठवाशाने त्यांची नावं लिहून ठेवली म्हणून ती कळतात. फेब्रुवारी हा देवांना पोळ्या वाहायचा महिना, काही जण त्याला चिखलाचाही म्हणतात. मे म्हणजे गाईचं दिवसातून तीनदा दूध काढायचा महिना. ऑगस्ट तणाचा. नोव्हेंबर रक्ताचा, कारण हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती जनावरं तेव्हा कापायची. करंबेळकरांना त्यांची दया आली. आमची नावं नक्षत्रांवरून, आणि यांची गाईच्या आचळांवरून, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी समाधानाने कुकी मोडली.

गळ्यात चांदीचं पान घातलेल्या एक बाई उठल्या. केल्टिक लोकांचे महिने झाडांवरून होते ना, माझा बर्चचा आहे, असं म्हणाल्या. डोरोथीबाईंनी हळुवारपणे सांगितलं की झाडांचे महिने ही गेल्या शतकातली हौस आहे. जुन्या केल्टांचं खरं कॅलेंडर म्हणजे फ्रान्समध्ये जमिनीत सापडलेल्या ब्राँझच्या पत्र्याचे तुकडे. त्यात झाडंबिडं नाहीत. त्यात हिशेब आहे, आणि चंद्र सूर्याच्या मागे पडू नये म्हणून अडीचेक वर्षांनी घातलेला एक जादा महिना आहे. पानवाल्या बाई खट्टू होऊन बसल्या. करंबेळकरांनी पाय खाली घेतला.

"अँग्लो-सॅक्सन लोकही तेच करायचे," डोरोथीबाई म्हणाल्या. "ऐन उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांना लिथा म्हणत. तेरा चंद्रांचं वर्ष आलं की तिथेच आणखी एक महिना घालायचे. तिसरा लिथा."

करंबेळकर उभे राहिले. हा आमचा अधिक महिना आहे, ते म्हणाले, आणि पुढे पाच मिनिटं म्हणत राहिले. यंदाच येतोय, ज्येष्ठाला धरून, मे-जूनमध्ये, म्हणजे बघा. सॅक्सन लोकांनी तो आमच्याकडून उचलला हे उघड आहे. डोरोथीबाईंना मनापासून आनंद झाला. पण त्या म्हणाल्या की कुणी कुणाकडून उचलायची गरज नाही. बारा चांद्रमास सगळ्यांनाच अकरा दिवस कमी पडतात, जो कुणी वर बघून मोजेल तो इथेच येऊन पोचेल. शिवाय तुमचा जादा महिना वेगवेगळ्या ठिकाणी पडतो आणि त्यांचा कायम उन्हाळ्यातच, हाही फरक आहे. करंबेळकरांनी यातलं "आनंद झाला" एवढंच घरी आणलं.

गाडीत बसल्या बसल्या ते म्हणाले, "विनीता, ग्रेगच्या लोकांत अधिक महिना होता."

विनीताबाईंनी आरसा नीट केला. "बरं."

"बरं काय? शास्त्राधार मिळालाय. हार्टवेल म्हणजे अस्सल सॅक्सन नाव. माझा २०२३ चा आक्षेप आपोआप गळून पडतो. तू उर्वीला फोन कर."

"तुम्ही करा की. नंबर तोच आहे."

"अगं, मी तिला संदर्भ पाठवतो. बोलव तू."

विनीताबाईंनी बोलावलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला सरळ रस्त्याने कुठे येताना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. वाकड्या वाटेने का होईना, निघाला तर आहे, असा विचार त्यांनी केला.  "बाबांना तो आवडायला लागला का?" उर्वीने विचारलं. विनीताबाई खोटं बोलत नसत. त्या म्हणाल्या, "तू ये."

एवढ्यावर थांबले तर ते करंबेळकर कसले. घरगुती जेवणाचा त्यांनी कार्यक्रम केला. सत्यजितला सांगितलं. सत्यजित म्हणाला, "काका, हे सॉलिड आहे यार, एकदम क्रॉस-कल्चरल. फ्लायर करू." शनिवार ठरला, आणि अधिक महिन्यात जावयाला कुठल्याही दिवशी वाण चालत असल्यामुळे मंडळाचा शनिवार आणि करंबेळकरांचं शास्त्र आयुष्यात पहिल्यांदा एका चौकोनात आले. मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, डेकवर टीव्ही आणला, लॅपटॉप जोडला. पहिल्या चित्रात डाव्या बाजूला शिंगांचं शिरस्त्राण घातलेला योद्धा होता आणि उजव्या बाजूला पंचांगाचं पान. शिंगं व्हायकिंगांचीही नव्हती आणि सॅक्सनांची तर मुळीच नव्हती, पण इंटरनेटवर तेच मिळालं.

उर्वी आणि ग्रेग शुक्रवारी आले. करंबेळकर दारात उभे होते. सात वर्षांनी मुलगी उंबऱ्यात पाहिल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडे टेम्परेचर किती होतं?" उर्वीने सांगितलं.

शनिवारी दुपारी सगळे जमले. ग्रेगला आखूड झालेला कुडता घालून पाटावर बसवलं. मांडी घालायची त्याने पराकाष्ठा केली, पण गुडघे खाली येईनात, ते दोन्ही बाजूंना वरच राहिले. त्याने एक धोंडा वाण मिळण्याआधीच खाऊन टाकला होता आणि तो फार खूश होता. करंबेळकर वाणाचं ताट हातात घेऊन उभे राहिले. अनारसे, वर छोटं निरांजन. ते पेटलेलं होतं आणि भाषण लांबत चाललं होतं.

"तर मंडळी, ज्यांच्या पूर्वजांनी दीड हजार वर्षांपूर्वी तिसरा लिथा पाळला, त्या अँग्लो-सॅक्सन कुळातले आपले जावई श्रीयुत ग्रेग हार्टवेल," असं ते म्हणाले. उर्वी ग्रेगच्या कानाशी भाषांतर करत होती. ग्रेगने मीटिंगमध्ये करतात तसा हात वर केला.

"मिस्टर के," तो इंग्रजीत म्हणाला, "माझ्यामुळे गैरसमज नको. आम्ही इंग्लिश नाही. माझे पणजोबा पोलंडहून आले. शिमान्स्की. त्या नावाला कुणी काम देईना, म्हणून समोरच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या पाटीचं नाव त्यांनी लावून घेतलं. आणि आईकडचे सगळे लिथुएनियाचे." मग त्याला वाटलं की यजमानांचं मन राखायला हवं. "पण लिथा फारच इंटरेस्टिंग आहे."

 सत्यजितने घसा साफ केला. "मग काका, टेक्निकली..." पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी शेजारणीला विचारलं, "म्हणजे आता वाण द्यायचं की नाही द्यायचं?" कुणीतरी मागून म्हणालं की कटाची आमटी गार होतेय.

करंबेळकरांना सगळ्यांच्या नजरा कळत होत्या. समोर पाटावर जावई होता, हातात ताट होतं, दोघांमध्ये दोन फुटांचं अंतर होतं. त्यांनी काय केलं? ताट डेकच्या कठड्यावर ठेवलं आणि ते लॅपटॉपकडे वळले. "दोन मिनिटं," ते म्हणाले. "पोलिश लोकांचीही चांद्र पद्धत असणारच."

तिथे टीव्हीवर, सगळ्यांच्या देखत, ते शोधू लागले. पोलंडमध्ये महिन्यांची नावं सापडली: एक झाडावरून, एक विळ्यावरून, एक पानगळीवरून. लोकांनी माना डोलावल्या. अधिक महिना सापडेना. "थांबा, एकूण स्लाव्ह लोकांचं बघू. लिथुएनियाचं तर वेगळंच असेल," असं म्हणत ते खाली खाली जात राहिले. मानेवर घाम आला होता. वारा आला आणि कठड्यावरचं निरांजन विझलं.

विनीताबाई उठल्या. त्यांनी निरांजन पुन्हा लावलं, ताट उचललं, ग्रेगच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ते ताट त्याच्या हातात दिलं. "तुम्ही शोधा सावकाश," नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीचा नवरा आहे, मला तेवढं पुरतं." मग त्यांनी सगळ्यांना पानं घ्यायला सांगितलं. लोक सुटल्यासारखे उठले, आणि करंबेळकर लिथुएनियात एकटे राहिले.

उर्वी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. "सापडलं?"

"अजून नाही."

"आणि नाही सापडलं तर?"

त्यांनी पान आणखी खाली सरकवलं. उर्वीने लॅपटॉप बंद केला. आवाज न चढवता ती म्हणाली, "बाबा, त्याला घरात घ्यायला तुम्ही रूल शोधताय. कुणी मागितला नव्हता रूल. माझ्या लग्नात पहिल्या रांगेत तुमची खुर्ची रिकामी ठेवली होती. मी सगळा वेळ पार्किंग लॉटकडे बघत होते. फोटोंमध्येपण दिसतं ते. मुहूर्त नव्हता, ओके, मान्य. पण तुम्हाला यावंसं वाटलं होतं का, एवढं मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि तो दिवस गेला. त्याचा काही अधिक येत नाही."

करंबेळकरांना खूप म्हणायचं होतं. त्या दिवशी सकाळपासून सूट घालून ते सोफ्यावर बसले होते, हे म्हणायचं होतं. संध्याकाळी विनीताबाईंनी फोटो पाठवले तेव्हा त्यांनी एकेक मोठा करून पाहिला होता. पण या वाक्यांना आधार कुठलाच नव्हता, आणि आधाराशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "जेवलीस का?"

"जेवते," उर्वी म्हणाली आणि उठून गेली.

रविवारी सकाळी त्यांना विमानतळावर सोडायला करंबेळकर स्वतः गाडी घेऊन निघाले. विनीताबाई म्हणाल्या, मी चालवते. ते म्हणाले, नको, मी. रस्ताभर ग्रेग तेवढा बोलत होता. अनारसे या वेळी अख्खे आहेत, विमानात मांडीवर घेऊन बसणार, असं तो म्हणाला. विमानतळाच्या दाराशी उतरून बॅगा काढताना त्याने आदराने विचारलं, "मिस्टर के, पुढचा तिसरा लिथा कधी?"

"दोन हजार एकोणतीस," करंबेळकर चटकन म्हणाले, आणि म्हणता म्हणता तोवर आपण किती वर्षांचे असू ते त्यांनी मोजलं. उर्वी बॅगेचा पट्टा खांद्यावर चढवत होती. ग्रेग पुढे निघाला.

"उर्वी," ते म्हणाले. "दिवाळीला याल का?"

ती थांबली. "कधी आहे दिवाळी?"

यंदाची दिवाळी कधी हे करंबेळकरांना माहीत होतं. शिकागोत अमावास्या किती वाजता लागते, भारतातलं लक्ष्मीपूजन आणि इथलं यांत किती तासांचा फरक पडतो, मंडळ कुठल्या चुकीच्या शनिवारी फराळ उरकणार आहे, सगळं जिभेवर आलेलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"तुम्ही याल त्या दिवशी," ते म्हणाले.

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. उर्वी एक पाऊल मागे आली. मग तिने त्यांच्या शर्टाची वर आलेली कॉलर खाली बसवली.

"कॅलेंडर बघून सांगते," ती म्हणाली, आणि ग्रेगच्या मागोमाग आत गेली.